पदकामागची नोंद : अग्निशमन सेवेतील सन्मानांच्या अभ्यासाची प्रस्तावना

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या आदल्या दिवशी दिल्लीहून एक यादी प्रसिद्ध होते. पोलीस, अग्निशमन सेवा, होमगार्ड व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांतील ज्यांना राष्ट्रपतींच्या मान्यतेने पदके मिळाली, त्यांची ती नावे असतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पोलीस अधिकाऱ्यांची नावे ठळकपणे येतात आणि ते योग्यच आहे. त्याच यादीत पुढे अग्निशमन सेवेतली नावेही असतात, पण तिथपर्यंत वाचकाची नजर सहसा जात नाही. २०२५च्या प्रजासत्ताक दिनाची यादी ९४२ जणांची होती. तीत ९५ शौर्य पदकांपैकी १७, विशिष्ट सेवेच्या १०१ राष्ट्रपती पदकांपैकी ५ आणि गुणवत्तापूर्ण सेवेच्या ७४६ पदकांपैकी ३७ अग्निशमन सेवेच्या वाट्याला आली, म्हणजे एकंदर ५९. या ५९ नावांमागे काय असते, एखादे नाव यादीपर्यंत पोहोचते कसे आणि पोहोचल्यावर ते वाचायचे कसे, एवढाच या प्रस्तावनेचा विषय आहे. तो लहान वाटेल. पण आत शिरल्यावर शहराचा इतिहास, रसायनशास्त्र, कायदा, पाणीपुरवठा आणि माणसाचे धैर्य या सगळ्यांशी गाठ पडते. म्हणूनच वाचकांनी या वाटेने थोडे चालून पाहावे, अशी आमची इच्छा आहे.

या अभ्यासासाठी आम्ही अंबरनाथ एमआयडीसी ही जागा मुद्दाम निवडली. अंबरनाथ म्हटले की बहुतेकांना वालधुनी नदीच्या काठचे शिवमंदिर आठवते. तिथला शिलालेख १०६० सालचा, शिलाहारांच्या राजवटीतला. याच गावात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला आणि देशभरातल्या चुली पेटवणारी काडी इथून जाऊ लागली. पुढे आयुध निर्माणी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झाले आणि नंतरच्या दशकांत मोरीवली, चिखलोली, वडोल, आनंदनगर असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. शेजारी बदलापूरला माणकिवली आणि खरवई, तर पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये वसलेले हे शहर पाच कॅम्पांत विभागलेले आहे आणि त्याच्या अरुंद गल्ल्यांत घर, दुकान आणि कारखाना बरेचदा एकाच भिंतीला टेकलेले असतात. एकेकाळी वस्तीपासून दूर असलेल्या कारखान्यांच्या कुंपणाला आता इमारती भिडल्या आहेत. अशा ठिकाणी अग्निशमन दलाचे काम काय असते, हे इथल्या रहिवाशाला निराळे सांगावे लागत नाही. रात्री आभाळ तांबडे झाले की गच्चीवर जमलेले लोक वाऱ्याची दिशा आधी पाहतात.

पदकांचे प्रकार आधी समजून घेतले की पुढची वाट सोपी होते. आज चार पदके आहेत. राष्ट्रपती शौर्य पदक आणि शौर्य पदक ही दोन धाडसासाठी; राष्ट्रपती विशिष्ट सेवा पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवा पदक ही दोन दीर्घ आणि निष्कलंक कामगिरीसाठी. शौर्य पदकाच्या निकषातली एक अट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी, कारण या साऱ्या विषयाचा गाभा तीत आहे. जीव किंवा मालमत्ता वाचवताना पत्करलेला धोका मोजायचा तो त्या व्यक्तीच्या नेमून दिलेल्या कर्तव्याच्या संदर्भात. म्हणजे सामान्य माणूस जळत्या घरात शिरला तर ते शौर्य आहेच. पण अग्निशमन जवानाचे ते रोजचे काम आहे. त्या कामाची मर्यादा जिथे संपली, नियमपुस्तिकेने ‘आता मागे फिरलात तरी चालेल’ असे म्हटले असते, तिथून पुढे टाकलेली पावले या पदकासाठी मोजली जातात. हा निकष कठोर आहे. आमच्या मते तो योग्यही आहे, कारण त्यामुळे रोजच्या कामाला कमीपणा येत नाही आणि असामान्य कृतीचे मोलही घसरत नाही.

या पदकांचा वंशवृक्ष शंभर वर्षांहून जुना आहे. ब्रिटिश साम्राज्यात १९०९ मध्ये किंग्ज पोलीस मेडल सुरू झाले. ते पोलिसांप्रमाणेच अग्निशमन दलांनाही मिळे, पण नावात दलाचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, बॉम्बवर्षावाने पेटलेल्या शहरांनी फायरमनचे काम डोळ्यांनी पाहिले आणि पदकाच्या नावात अग्निशमन सेवेची भर पडली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारताने स्वतःचे राष्ट्रपती पोलीस व अग्निशमन सेवा पदक सुरू केले; पुढे अग्निशमन सेवेची पदके वेगळी झाली. अलीकडे, २०२४च्या प्रजासत्ताक दिनापासून, चारही सेवांची मिळून असलेली सोळा पदके एकत्र करून वर सांगितलेली चार सामाईक पदके ठेवण्यात आली. अभ्यासकाच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक परिणाम होतो. जुन्या यादीत पदकाच्या नावावरूनच सेवा कळत असे. आता ‘शौर्य पदक’ एवढे वाचून ते पोलिसाचे की फायरमनचे हे समजत नाही. तेव्हा नव्या याद्या पाहताना नावापुढची सेवा आणि दल तपासायची सवय तुम्ही पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

महाराष्ट्रात हा विषय कुठून सुरू करावा, असे कोणी विचारले तर आम्ही १४ एप्रिल १९४४ ही तारीख सांगतो. त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज उभे होते. इंग्लंडमधून दारूगोळा घेऊन निघालेल्या या जहाजाने कराचीत कापसाच्या गाठी भरल्या होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावे असा दंडक होता. ते निशाण या जहाजावर नव्हते. दोनच्या सुमारास धूर दिसला आणि बंब धावले. जवानांनी जहाजाच्या पोटात नऊशे टनांहून अधिक पाणी सोडले, तरी कापूस धुमसतच राहिला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत त्याहून मोठा दुसरा. या स्फोटांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेकडो माणसे मेली, गोदी आणि आसपासची वस्ती बेचिराख झाली, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या एका दुपारी गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो यांच्याच स्मरणार्थ. शाळेत आगीपासून बचावाचे प्रात्यक्षिक पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, याची आम्हाला खंत वाटते.

या घटनेकडे पदकांच्या अभ्यासकाने कसे पाहावे? गोदीतल्या जवानांपुढे जो धोका होता तो त्यांच्यापासून लपलेला होता. जहाजात काय भरले आहे याची पुरती कल्पना मिळायला उशीर झाला आणि मिळाल्यावरही ते तिथेच पाण्याचे होज धरून उभे राहिले. अज्ञात मालाच्या आगीशी झुंजणे ही या सेवेची सर्वांत जुनी आणि सर्वांत जीवघेणी कसोटी आहे. १९४४च्या गोदीतून थेट अंबरनाथच्या एमआयडीसीत आलात तरी प्रश्न तोच असतो : आत काय आहे?

दुसरी तारीख ९ मे २०१५. काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि ती विझवत असताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्याखाली गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात, उपचार चालू असताना वारले. चौघेही अधिकारी होते आणि दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण अग्निशमन सेवेत हुद्दा वाढला म्हणून आगीपासूनचे अंतर वाढत नाही. मोठी आग लागली की वरिष्ठाला वर्दी जाते आणि त्याने घटनास्थळी पोहोचून सूत्रे हाती घ्यायची असतात. पदकांच्या यादीत फायरमन, लीडिंग फायरमन, सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर आणि मुख्य अधिकारी ही पदनामे शेजारी शेजारी दिसतात, त्याचे कारण इथे आहे.

आता एमआयडीसीतल्या आगीकडे जरा जवळून पाहू. आम्ही इथे कोणत्या एका घटनेचे वर्णन करत नाही. या पट्ट्यात वारंवार घडणारे जे आहे ते सांगतो. रात्री वर्दी येते : अमुक प्लॉटवर आग, रसायनांचा कारखाना. वॉटर टेंडर आणि फोम टेंडर या गाड्या निघतात. फाटकाशी पोहोचताच अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो की कोणी आत अडकले आहे का, आणि दुसरा, गोदामात कोणता माल आहे. उत्तर देणारा रसायनतज्ज्ञ किंवा पाळीचा सुपरवायझर बरेचदा तिथे नसतो. असतो तो घाबरलेला सुरक्षारक्षक. उत्तर चुकले तर पुढचे सगळे चुकते. सोडियमसारख्या धातूवर पाणी पडले तर हायड्रोजन निघतो आणि आग भडकते. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी गेले तर ते उसळून अंगावर येते. टोल्युइनसारखे द्रावक पाण्यावर तरंगते आणि जळत जळत गटारातून शेजारच्या प्लॉटवर जाते. मिथेनॉल तर फारच फसवे, कारण दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळपास दिसतच नाही. जवान समोरच्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेत पाऊल टाकतो आणि ती जागा जळत असते. त्यावर साधा फोम टिकत नाही, अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फोम लागतो. तो जवळच्या केंद्रात आहे की कल्याणहून मागवायचा, हेही तेव्हाच ठरवायचे असते.

पाठीवर बीए सेट म्हणजे श्वसनयंत्र बांधून जवान आत जातात. त्याच्या सिलिंडरमध्ये साधारण ३०० बार दाबाची हवा असते. अंगमेहनत जास्त तितकी ती लवकर संपते, अर्धा तासही पुरेल याची खात्री नसते. दाब ५० बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजू लागते. ती शिट्टी म्हणजे परतीचा हुकूम. धुरात काही दिसत नाही, बाजूला बंद पिंपे तापून एकामागून एक फुटत असतात आणि त्यांची झाकणे उडत असतात. अशा वेळी आणखी चार पावले पुढे कोणीतरी कण्हत असेल, तर शिट्टी ऐकून मागे फिरायचे की पुढे जायचे? शौर्य पदकाच्या मानपत्रातले एक कोरडे वाक्य ज्या क्षणाविषयी बोलत असते, तो क्षण हा. मानपत्र वाचताना तो डोळ्यांपुढे आणता आला पाहिजे. त्यासाठी बीए सेटविषयी, फोमविषयी, वाऱ्याविषयी एवढी माहिती आम्ही देत आहोत.

आणखी एक धैर्य आहे आणि ते बातमीत येत नाही. आग लागलेल्या टाकीशेजारी दुसरी, अजून न पेटलेली टाकी असते. तिच्यावर पाण्याचा मारा करत, ती थंड ठेवत, दोन-तीन जवान तासन् तास उभे असतात. त्यांच्यासमोर ज्वाळा नसतात, कॅमेराही नसतो. ती टाकी फुटली तर सर्वांत आधी तेच जाणार असतात. ती फुटली नाही, म्हणजे त्यांचे काम उत्तम झाले, म्हणजे सांगण्यासारखे काही घडलेच नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी एक कारखाना केवढा विध्वंस करू शकतो हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले. अंबरनाथला ज्या ज्या रात्री तसे झाले नाही, त्यांतल्या काही रात्रींचे श्रेय या थंडावा देणाऱ्या माणसांना आहे. त्यांची गणती कोणत्या पदकात करायची, हा प्रश्न आम्हाला या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याला जोडूनच पंप ऑपरेटरचा प्रश्न येतो. पदक एका व्यक्तीला मिळते; आग मात्र संघ विझवतो. ब्रँच म्हणजे होजचे तोंड धरून आत गेलेल्या दोघांचा जीव बाहेर गाडीपाशी उभ्या असलेल्या चालक-ऑपरेटरच्या हातात असतो. त्याने दाब एकाएकी वाढवला तर ब्रँच हातातून निसटते, कमी केला तर पाण्याचा पडदा नाहीसा होतो आणि आतले दोघे उघडे पडतात. टेंडरमधले पाणी काही मिनिटांत संपते, तेव्हा पुढचा टँकर जोडला जाईपर्यंत धार तुटू न देणे हे त्याचे कौशल्य. बारवी धरणातून येणारे एमआयडीसीचे पाणी, रस्त्याकडेचे हायड्रंट, नगरपालिकेचे आणि खासगी टँकर हे सगळे त्याच्या मनात नकाशासारखे असावे लागते. याद्या चाळल्या तर आत शिरून माणसे बाहेर काढणाऱ्यांची नावे साहजिकच पुढे दिसतात. ते न्याय्य आहे. तरीही वाचकांनी प्रत्येक शौर्य पदकाविषयी एक प्रश्न विचारावा : त्या वेळी पंपावर कोण होते? दलाच्या नोंदवहीत हे उत्तर असते, आणि ते शोधणे हा या क्षेत्रातला खरा अभ्यास आहे.

सेवा पदकांकडे नवखा वाचक दुय्यम म्हणून पाहतो. तशी चूक तुम्ही करू नये. वर्षानुवर्षे निष्ठेने केलेल्या कामाचा तो सन्मान आहे आणि औद्योगिक पट्ट्यात त्या कामाचा मोठा भाग आग लागण्यापूर्वीचा असतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ हा कायदा राज्यात डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आपली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचे असते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात कोणीतरी अधिकाऱ्याने कारखान्यात जावे लागते, जिन्यात रचलेली पिंपे हटवायला लावावी लागतात, कुलूप घातलेले आपत्कालीन दार उघडून दाखवायला सांगावे लागते आणि त्यासाठी वाईटपणा घ्यावा लागतो. पंचवीस-तीस वर्षे हे करत राहिलेल्या माणसाने किती आगी लागूच दिल्या नाहीत, हे मोजायचे साधन अजून कोणाकडे नाही. म्हणून आमचे मत असे की अंबरनाथसारख्या ठिकाणी सेवा पदकाचे वजन शौर्य पदकाइतकेच आहे आणि इतिहास लिहिताना दोघांना सारखी जागा मिळायला हवी.

अग्निशमन दल केवळ आगीसाठी नाही, हेही आपल्या भागाने पाहिले आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, लष्कर, स्थानिक यंत्रणा आणि चामटोलीसारख्या गावांतले रहिवासी यांनी मिळून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. सप्टेंबर २०२४ मध्ये एका रात्री मोरीवली भागातल्या रासायनिक धुराने अंबरनाथ शहर वेढले गेले. अशा प्रसंगांत ज्वाळा नसतात. दोरखंड, होड्या आणि मुखपट्ट्या लागतात. इथे आणखी एका सन्मानाची ओळख करून घ्यायला हवी. सामान्य नागरिकाने दुसऱ्याचा जीव वाचवला तर त्याच्यासाठी जीवन रक्षा पदकांची मालिका आहे : सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक. गणवेशातला माणूस कामावर नसताना असे धाडस करतो, तेव्हा त्यालाही ते मिळू शकते. पुरात होडी घेऊन गेलेला गावकरी आणि त्याच्या शेजारचा जवान, दोघांची नोंद दोन वेगळ्या याद्यांत शोधावी लागते.

एखादे नाव यादीपर्यंत जाते कसे, ते थोडक्यात सांगतो. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय आहे. त्यामुळे अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका, उल्हासनगर महानगरपालिका आणि एमआयडीसी यांची दले वेगवेगळी आहेत. मोठ्या आगीत ती एकत्र येतात आणि कल्याण-डोंबिवलीचीही मदत असते. पदकाची शिफारस मात्र आपापल्या दलातून वर राज्याकडे आणि राज्याकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. शिफारशीला पुरावा लागतो : घटनेची तारीख, वेळ, जागा, कोणी काय केले, साक्षीदार कोण. मुंबईसारख्या मोठ्या दलात हे कागद सांभाळणारी माणसे असतात. लहान दलात तेच जवान दुसऱ्या वर्दीवर निघालेले असतात. रात्रभर आग विझवून, सकाळी कूलिंग आटोपून, होज वाळत टाकून मग नोंदवहीत लिहिलेल्या दोन ओळी एवढाच त्या रात्रीचा दस्तऐवज उरतो. त्या ओळी जितक्या नेमक्या, तितकी शिफारस भक्कम. लहान शहरांच्या दलांविषयी बोलताना आम्ही शौर्याइतकाच नोंदीचा आग्रह धरतो तो यासाठी.

अभ्यास कुठून सुरू करावा, हे विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द. प्रथम गेल्या काही वर्षांच्या याद्या घ्या आणि त्यांतील महाराष्ट्राची नावे वेगळी काढा. प्रत्येक शौर्य पदकामागची घटना शोधा. घटना आणि पदक यांत बरेचदा वर्षा-दोन वर्षांचे अंतर असते, तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांत मागे जावे लागेल. मग घटनास्थळी जाऊन या. रस्ता किती रुंद आहे, हायड्रंट कुठे आहे, शेजारी काय आहे, हे पाहिल्यावर मानपत्रातली ओळ वेगळी वाचली जाते. प्रशिक्षणाची पार्श्वभूमीही समजून घ्या. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरातले अधिकारी तिथे घडले. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये तिथे दाखल झाल्या आणि त्या महाविद्यालयातल्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. आपल्या राज्याला या क्षेत्रात अभिमान वाटावा असे बरेच काही आहे, ते अजून नीट एकत्र मांडले गेलेले नाही.

या मांडणीत वाचकांचा वाटा मोठा आहे. तुमच्या इमारतीत, चाळीत, नात्यात अग्निशमन दलातून निवृत्त झालेले कोणी काका असतील. पदक मिळाले का, हा प्रश्न त्यांना आधी विचारू नका. कोणत्या कंपनीची कोणती आग त्यांना आठवते, तेव्हा सोबत कोण होते, पाणी कुठून आणले, कोण जखमी झाले, ते विचारा. साल आणि महिना लिहून घ्या, सहकाऱ्यांची नावे लिहून घ्या, घरात जुने छायाचित्र किंवा प्रशस्तिपत्र असेल तर त्याची प्रत करून ठेवा आणि त्यांची परवानगी असेल तरच ते इतरांना दाखवा. तुम्ही स्वतः एमआयडीसीत काम करत असाल, तर आपल्या कारखान्यातल्या मालाची यादी फाटकाशी लावलेली आहे का, ती सुरक्षारक्षकाला वाचता येते का, एवढे पाहा. आणि १४ ते २० एप्रिलच्या सप्ताहात जवळच्या अग्निशमन केंद्रात प्रात्यक्षिक असेल, तर मुलांना घेऊन जरूर जा. आपत्कालीन क्रमांक १०१ आहे. १४ एप्रिल १९४४ची गोष्ट मात्र मुलांना तुम्हीच सांगा.